रिकाम्या खोलीचा आवाज

मार्गळी महिना लागला. आपला मार्गशीर्ष आणि इथला मार्गळी हे भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी आहेत, पण दोघांची दारं एका दिवशी उघडत नाहीत. चेन्नईत थंडी म्हणावी अशी थंडी पडत नाही. या महिन्यात घाम येत नाही एवढंच, आणि तेवढ्यावर लोक माकडटोप्या कपाटातून बाहेर काढतात. पहाटे कोपऱ्यावरच्या देवळाचा भोंगा सुरू होतो. समोरच्या घरची सून सडा घालून रस्त्यावर कोलम, म्हणजे इथली तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढायला बसते आणि मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचते. मी गॅलरीत कॉफी घेऊन उभी असते. पिठाचा डबा ती जमिनीवर ठेवते तेव्हा टक् असा एक बारीक आवाज होतो. तो आला की मला कळतं, आता दिवस सुरू झाला.

काल याच वेळी ओवीचा फोन आला. नातवंडांनो, तुमच्याकडे परदेशात तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ. ओवी, तू म्हणालीस, "आजी, आमच्या वर्गात आम्ही पॉडकास्ट करतोय. पॉडकास्ट म्हणजे काय, तुला सांगू?" मी म्हटलं, "मला माहीत आहे. आम्ही केलाय." तू इतका वेळ गप्प झालीस की मला वाटलं लाइन तुटली. मग लांबून तुझा आवाज आला, तू मिहिरला सांगत होतीस की आजीला माहीत आहे, आजीनं केलाय.

तुझ्या आवाजातला तो धक्का मला फार ओळखीचा वाटला. तीन मार्गळी उलटून गेले, माझा स्वतःचा अजून पुरता उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्यांनी वाचताना घाई करू नये. लहानपणी ते पाढे म्हणायचे तसं तर मुळीच वाचू नये.

तुम्ही मला ओळखता ती सुट्टीतली आजी. लाडू करणारी, चपला रांगेत लावायला सांगणारी. त्याआधी कितीतरी वर्षं मी अड्यारच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. बेळगावच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी लग्न करून या शहरात आली, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नवरा इंजिनिअर, आणि तिला तमिळ येत नाही. तर इंग्रजी शिकवण्यावाचून ती दुसरं काय करणार? नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. माझ्या वर्गात खडू कुठे, डस्टर कुठे, कुणी केव्हा बोलायचं, सगळं ठरलेलं असायचं. मुली मागून मला "टाइमटेबल मिस" म्हणतात हे मला माहीत होतं. मला त्यात वावगं काही वाटत नसे.

अशा माझ्या आयुष्यात नित्या आली. कॉम्प्युटर शिकवणारी नवी मुलगी, तांबरमहून लोकलनं यायची. तिच्या पिशवीत जेवणाचा डबा आणि वायरींचं भेंडोळं एकत्र असायचं, ते पाहून माझ्या जिवाची घालमेल व्हायची. एक दिवस ती स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, आपण नववीच्या मुलींकडून पॉडकास्ट करून घेऊया. मी विचारलं, म्हणजे रेडिओ का? ती म्हणाली, "रेडिओच, मॅडम. फक्त कुणाची परवानगी लागत नाही."

परवानगी लागत नाही या गोष्टीचा मला इतका धक्का बसला की मी आधी जाऊन मुख्याध्यापिकांची परवानगी घेतली. त्यांना सगळे एच. एम. म्हणत. त्या पत्रांवर सह्या करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पोर्शन पूर्ण होत असेल तर करा." पोर्शन म्हणजे अभ्यासक्रम. या गावात पोर्शन पूर्ण झाला की माणसानं काहीही करावं.

रेकॉर्डर माझ्या चष्म्याच्या घराएवढाही नव्हता. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलीनं आपलं नाव सांगायचं आणि मग ते ऐकायचं, एवढंच ठरलं होतं. नाव सांगताना सगळ्या हसत होत्या. ऐकताना एकेकीचा चेहरा उतरत गेला. जिनं ऐकलं ती हेच म्हणाली, "मिस, हा माझा आवाज नाही." मी त्यांना समजावलं की आपला आवाज आपण आतून ऐकतो, म्हणून बाहेरचा परका वाटतो. मग नित्यानं माझाही लावला. बाळांनो, मी जन्मभर समजत होते की माझा आवाज माझ्या आईसारखा मऊ आहे. त्या डबीतून जो आला तो लग्नात पंगतीवर देखरेख करणाऱ्या बाईचा होता. मी म्हटलं, हा माझा नाही. सगळा वर्ग हसला. घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं, तर ते पेपराआडून म्हणाले, लग्न झाल्यापासून आपण हाच ऐकत आलो आहोत.

आता तुळजाबद्दल सांगते, कारण हे सगळं तिच्याचसाठी लिहिते आहे.

तुळजा राव शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. तंजावरकडची मराठी. शेकडो वर्षांपूर्वी मराठे राजांबरोबर जी घरं दक्षिणेत आली त्यांतलं एक तिचं. त्यांच्या घरात अजून मराठी बोलतात. जुनी, तमिळ चालीवर हेलकावे खाणारी. वर्गात सगळं इंग्रजी, मैत्रिणींत सगळं तमिळ. पण मी मराठी आहे हे कळल्यापासून व्हरांड्यात एकटी भेटली की ती हळूच विचारायची, "मिस, जेवण जालं का?" झालं नव्हे, जालं. पोथीतल्या पानानं मान वर करून चौकशी करावी तसं मला वाटे. मी हो म्हणायचे, ती "सरि" म्हणजे बरं, असं म्हणून पळायची.

गणितात ती कच्ची होती. इंग्रजीच्या पेपरातही तिची वाक्यं अर्ध्यावर बसकण मारायची. पण रेकॉर्डरसमोर बसली की तिचं काही वेगळंच व्हायचं. आवाज किंचित घोगरा, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाचा. पहिल्यांदा ती बोलली तेव्हा नित्यानं थोडं ऐकलं, हेडफोन काढले आणि काही न बोलता माझ्या कानांवर चढवले.

विषय ठरला होता मार्गळीचे आवाज. मुलींनी घराघरातून आवाज गोळा करून आणायचे आणि त्याबद्दल बोलायचं. काय काय आलं त्यात. अंगणात फिरणारा खराटा. पितळी पेल्यातून वाटीत उंचावरून पडणारी कॉफी. इडलीचं पीठ वाटणारा ग्राइंडर. पालेभाजीवालीची आरोळी. वेलचेरी, वेलचेरी असं ओरडणारा शेअर ऑटोवाला. मलर नावाची एक धीट मुलगी होती, वर्गाची पुढारीच; तिनं शेजारच्या मामांचं घोरणं आणलं होतं आणि त्यांची परवानगी घेतली का असं मी विचारल्यावर तिनं सांगितलं की झोपलेल्या माणसाला कसं विचारणार.

तुळजानं आणला तो आवाज कुणालाच ओळखता आला नाही. ठक. मग थोडं थांबून पुन्हा ठक. नंतर लाकूड घासल्याचा आवाज, आणि कुणीतरी सुस्कारा सोडला. तिचं घर वेलचेरीत तळमजल्यावर होतं. तिथं पाणी साचतं, कधी घरातही येतं. आभाळ भरलं की तिची आई पलंगाच्या आणि कपाटाच्या पायांखाली विटा सरकवून ठेवते. ठक म्हणजे ती वीट. तुळजा त्यावर जे बोलली त्यातलं पहिलंच वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. ती म्हणाली, "आमच्या घरी पाऊस आधी विटांमध्ये ऐकू येतो."

मी इतकी वर्षं निबंध तपासले. असं वाक्य त्यांत आलं नव्हतं. माझ्या हातात लाल पेन होतं आणि त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं.

नित्यानं नंतर मुलींना आवाज कापायला शिकवलं. खोकला आला, कापा. अडखळलो, कापा. पण कापलं की तिथं भोक पडतं, ती म्हणाली, आणि कान त्या भोकात ठेचकाळतो. कारण आपण ज्याला शांतता म्हणतो ती काहीच नसणं नव्हे. प्रत्येक खोलीला तिची स्वतःची शांतता असते; पंखा, भिंती, दूरचा रस्ता यांची मिळून झालेली. म्हणून ज्या खोलीत बोललो त्या खोलीची रिकामी शांतता आधीच भरून ठेवायची आणि जिथं कापलं तिथं तिचं ठिगळ लावायचं. मला हे फार आवडलं. माझी आई फाटलेली साडी रफू करायची तेव्हा बाजारचा दोरा घेत नसे; त्याच साडीच्या पदरातून एक धागा ओढून काढायची. ठिगळ ओळखू येत नसे.

आमचं रेकॉर्डिंग वाचनालयात होत असे. शाळेच्या मागच्या अंगाला ती खोली, रस्त्यापासून लांब. चारी बाजूंनी पुस्तकं, त्यामुळे आवाज घुमत नसे. मी एक पाटी करून घेतली होती, "रेकॉर्डिंग चालू आहे". आणि अर्थात पाटीचा नियमही केला होता. मुली आत असतील तेव्हा पाटी दारावर. मुली बाहेर आल्या की पाटी खाली. उगाच लटकत ठेवायची नाही, नाहीतर तिला कुणी मानणार नाही. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोलीची शांतता भरून घ्यायची होती. मलरनं रेकॉर्डर टेबलावर चालू करून ठेवला, सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटलं. मुली बाहेर आल्या होत्या. म्हणून तिनं नियमाप्रमाणे पाटी उतरवली. दुसऱ्या कुणाच्या वर्गात हे झालं नसतं. दुसऱ्या कुणाच्या वर्गात पाटी लोंबकळत राहिली असती.

आम्ही सगळ्या पटांगणात झाडाखाली दहीभात खात बसलो होतो. थंड वारा होता. मला आठवतं, तुळजानं तिच्या डब्यातलं डांगर माझ्या झाकणावर ठेवलं. उडदाच्या पिठाचं, दह्यातलं. आमच्या बेळगावकडेही करतात. मी तिला म्हटलं, अगं हे तर आमचं. ती म्हणाली, "नाही मिस, आमचं." दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत तास होता. चपला बाहेर काढून ठेवायच्या, आत गार हवा, मुली जमिनीवर दाटीनं बसलेल्या. ठिगळासाठी शांततेचा कोणता तुकडा घ्यायचा ते सगळ्यांना कळावं म्हणून नित्यानं ते रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरवर लावलं. मी सांगितलं, डोळे मिटा, म्हणजे नीट ऐकू येईल. मी उघडा म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत.

पंख्याची घरघर आली. एक कावळा. लांबून देवळाच्या भोंग्याची पुसट रेघ. कुणीतरी खुदकन हसलं. मग दार करकरलं आणि किल्ल्यांचा जुडगा वाजला. तो जुडगा मी झोपेतही ओळखला असता. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, आणि एच. एम. बोलू लागल्या. त्यांच्याबरोबर गणिताच्या बाई होत्या. बोलणं इंग्रजीत, मध्ये तमिळ. मी मराठीत लिहिते.

एच. एम. म्हणाल्या की नववीतल्या या चौघींना दहावीला बसवलं तर शंभर टक्के निकाल गेलाच म्हणून समजा. त्यांनी चार नावं घेतली. शेवटचं नाव तुळजा राव.

गणिताच्या बाई म्हणाल्या, "तुळजा गोड मुलगी आहे हो."

"गोड आहे. पण गेटवरच्या बॅनरवर गोड लिहिता येत नाही. पोंगलनंतर आईवडलांना बोलवा. मुलीला जागा बदलली तर बरं पडेल, असं सांगा. शाळा सोडायचा दाखला, टी. सी., त्यांनी आपणहून मागायला हवा."

"इंग्रजीच्या मॅडम काही म्हणतील का?"

"त्या? त्या नियमाबाहेर बोलत नाहीत. आणि मार्चमध्ये रिटायर होतायत."

खुर्ची सरकली. किल्ल्या दूर गेल्या. दार लागलं. मग पुन्हा पंखा आणि कावळा.

नित्याचा हात माउसवर तसाच राहिला होता. तिला तो हलवायचं सुचलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. मी वर्गाकडे पाहिलं. बाळांनो, एकाही मुलीनं डोळे उघडले नव्हते. मी उघडा म्हटलं नव्हतं. एवढ्या सगळ्या मिटलेल्या पापण्या, आणि त्यांत ते चार चेहरे. तुळजाच्या पापण्या थरथरत होत्या, झोपेत स्वप्न पडणाऱ्या मुलाच्या थरथरतात तशा. आम्ही बोलता यावं म्हणून शाळेतली सगळ्यात शांत खोली शोधली होती. त्यांनीही त्याचसाठी तीच खोली शोधली होती.

कितीही वर्षं शिकवलं असलं तरी अशा वेळचं वाक्य कुठल्याच पोर्शनमध्ये नसतं. शेवटी तुळजाच बोलली.

"मिस, आता डोळे उघडू?"

मग वर्गात एकच गलका उडाला. मलर उभी राहिली. ती म्हणाली, हे आजच नेटवर टाकू, सगळ्या मद्रासला ऐकू दे. बाकीच्या तिला दुजोरा देत होत्या. मी त्यांना खाली बसवलं आणि एवढंच सांगितलं की ज्याला आपण ऐकले जातोय हे माहीत नव्हतं, त्याचा आवाज आपला नाही. मलरनं मला विचारलं, मग तुळजाला तरी कुठे माहीत होतं?

दर जूनमध्ये दहावीच्या हजेरीत दोनचार नावं कमी असायची. वडलांची बदली झाली, असं सांगायचे. सरकारी नोकऱ्या, बँका. या शहरात बदल्या होतच असतात, असं मी समजून होते. आणि मे महिन्यात गेटवर शंभर टक्के निकालाचा बॅनर लागायचा, त्याखालून जाताना आम्ही सगळ्या शिक्षिका थोड्या ताठ चालायचो.

रेकॉर्डर घेऊन मी एच. एम.च्या खोलीत गेले. आधी सगळं नीट सांगितलं. रिकाम्या खोलीची शांतता कशाला लागते, पाटी का उतरवली. त्या चिडल्या. चोरून रेकॉर्ड केलं म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही ऐका, मग रागवा. आणि बटण दाबलं.

पहिल्याच वाक्याला त्या म्हणाल्या, "हा माझा आवाज नाही."

पहिल्यांदा ऐकणारं प्रत्येक माणूस हेच म्हणतं. मग त्या ऐकत राहिल्या. आपलं बोलणं संपल्यावर मागचा पंखा आणि कावळाही त्यांनी ऐकला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्यावाचून त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. तो माझ्या धाकट्या बहिणीसारखा दिसतो हे तेव्हा लक्षात आलं.

"कुणी ऐकलं हे?"

"वर्गानं."

"तिनं?"

"तिनंही."

मग त्या बोलत राहिल्या, माझ्याकडे न बघता. मॅनेजमेंट फक्त बॅनर वाचतं, प्रवेशाला आलेले आईबाप फक्त बॅनर वाचतात, शेजारच्या शाळेचा बॅनर आपल्यापेक्षा मोठा असतो. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. मला एकच सांगायचं होतं आणि ते मी मनात जुळवून नेलं होतं. "पोंगलनंतर त्या आईवडलांना बोलवाल तेव्हा मी त्या खोलीत बसेन. आणि यात आहे तेच त्यांना सांगायचं. जागा बदलली तर बरं, असं नाही."

त्यांनी मला जायला सांगितलं. दोन दिवसांनी जिन्यात भेटल्या. थांबल्या नाहीत, चढता चढता म्हणाल्या की कुणालाही बोलावणार नाही, चौघीही दहावीला बसतील, आणि ते पुसून टाका. मी त्यांच्यासमोर पुसलं. नित्यानं कॉम्प्युटरवरचंही पुसलं. पुसायला एक बोट लागतं, बाळांनो. भरायलाही एकच लागलं होतं.

तुळजाला मी व्हरांड्यात बोलावून घेतलं. अशी बातमी घरच्या भाषेत द्यावी म्हणून मराठीत सांगितलं. माझा आवाज किती खुशीत होता ते मला ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, आता ही नाचेल.

ती म्हणाली, "मिस, मी जाते."

मला समजेना. मी पुन्हा सांगितलं, आता तुला कुणी काढत नाही.

"होय मिस. पण अप्पांना मी सांगितलंय. तांबरमला मामांच्या घराशी शाळा आहे, तिथं जाते."

"का पण?"

ती नेहमीच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलंय ना, मिस. मी पास जाले तरी त्यांना तेच ऐकू येईल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यानंच मला अधिक धक्का बसला. मी म्हटलं की माणसं विसरतात. ती माझ्याकडे बघत राहिली. मोठ्या माणसाला त्याची चूक दाखवायची नाही असं शिकवलेल्या मुलीसारखी. "परवायिल्लै, मिस," एवढंच म्हणाली. असू दे, काही बिघडलं नाही. नित्यानं आम्हाला कापायला शिकवलं होतं, ठिगळ लावायला शिकवलं होतं, पुसायला शिकवलं होतं. ते सगळं यंत्रातलं. वर्गात जे एवढ्या कानांत गेलं होतं त्याला कुठलं बटण नव्हतं.

तिची आई टी. सी. मागायला आली तेव्हा मला भेटून गेली. नेसूची सुती साडी, केसांत मोगरा, हातात स्टीलचा डबा. डब्यात डांगर होतं. वडील अड्यारमध्येच एका कार्यालयात कारकून. ते आले नव्हते. "तुमी बहुत केलांत," ती म्हणाली. मी काय केलं ते मला कळत नव्हतं. तिनं पोरीबद्दल तक्रारीचा शब्द काढला नाही. निघताना दाराशी थांबून तिनं विचारलं की त्या डबीत आपला विटांचा आवाज आहे असं पोरगी म्हणते, ते खरं का. मी तिला ऐकवला. ठक. तिनं ऐकलं, आणि पदर तोंडाशी नेऊन हसली. इतका मोठा वाजतो का, म्हणाली. वरच्या मजल्यावरच्यांची झोपमोड होत असेल.

आमचा पॉडकास्टचा भाग अजून पुरा व्हायचा होता. खोकले कापलेले, भोकं तशीच. कारण ठिगळाचं कापडच आम्ही पुसून टाकलं होतं. पोंगलच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता आणि तुळजाचा शाळेतलाही शेवटचा. बाजारात उसाचे भारे उतरले होते, शाळेच्या गेटबाहेर हळदीची ओली रोपं विकणारे बसले होते, मुलींचं लक्ष नव्हतं. तुळजा नित्याकडे गेली आणि तिनं रेकॉर्डर मागितला. मग माझ्याकडे येऊन पाटी मागितली.

ती वाचनालयात गेली. पाटी बाहेर दारावर लावली आणि दार आतून लोटून घेतलं. आम्ही व्हरांड्यात थांबलो. मलर दाराशी उभी राहिली, येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशी बघत की एक शिक्षिका आल्या वाटेनं परत गेल्या. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

मी म्हटलं, अगं, शांतता भरताना खोलीत कुणी नसतं, बाहेर यायचं असतं.

"माहीत आहे, मिस," ती म्हणाली. "या वेळी मी आतच बसले. कोणी आलं असतं तर सांगितलं असतं, की चालू आहे."

तिनं रेकॉर्डर नित्याच्या हातात दिला. पाटी उतरवून, पदरानं पुसावी तशी ओढणीनं पुसून, माझ्या हातात दिली. मग वाकून नमस्कार केला आणि घरी गेली.

नित्यानं तीच शांतता सगळीकडे वापरली. मार्चमध्ये मी निवृत्त झाले. पुढच्या वर्षी मे महिन्यात शाळेवरून जाताना बॅनर पाहिला. राहिलेल्या तिघींपैकी एक गणितात नापास झाली होती. शंभराच्या जागी "उत्तम निकालाची परंपरा" असं लिहिलं होतं, अक्षरं तेवढीच मोठी. त्याच आठवड्यात तुळजाच्या आईचा फोन आला, पोर पास जाली म्हणून. मी विचारलं, ती काय करतेय? आई म्हणाली, आभाळ आलंय, विटा लावतेय.

आज मार्गळीची सकाळ. समोरच्या सुनेनं पिठाचा डबा ठेवला, टक्. तो आवाज ऐकला आणि मी नित्याला फोन केला. तिच्याकडे आमचा तो भाग अजून आहे. तिनं तो तुमच्या बाबांच्या ई-मेलवर पाठवला आहे. ओवी, तुझ्या बाईंना हवा तर ऐकव, इंग्रजीतच आहे. खराटा ऐकू येईल, कॉफी ऐकू येईल, मलरच्या शेजारचे मामा घोरतील. मग ठक असा आवाज येईल आणि एक घोगऱ्या आवाजाची मुलगी पावसाबद्दल बोलेल. ती बोलायची थांबली की थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. पंखा, आणि लांबची देवळाची रेघ.

मिहिर, तुला कंटाळा येईल, तुझा हात बटणाकडे जाईल. पुढे सरकवू नकोस. तिथं तुळजा बसली आहे.